लिनक्सवर गेमिंग जमतं का, आणि ओपन सोर्स गेम्समध्ये खरंच दम आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लॅपटॉप सातव्या जनरेशनचा आय-५, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५०, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ या मशीनवर होत नाही, नवा लॅपटॉप आत्ता घरून मिळणार नाही, तर लिनक्स टाकून गेमिंग होईल का, ओपन सोर्स गेम्स (ज्यांचा कोड सगळ्यांना उघडा असतो ते) म्हणजे नुसता फुकटचा टाइमपास की त्यात खरंच काही आहे, आणि पुढे स्वतः गेम बनवायचा झाला तर युनिटी आणि गोडो या गेम बनवायच्या इंजिनांपैकी कोणतं शिकू.

आधी सरळ उत्तर देतो मग खोलात जाऊ. लिनक्सवर गेमिंग होईल, पण तू नेमके कोणते गेम खेळतोस त्यावर सगळं आहे. ओपन सोर्स गेम्समध्ये दम आहे, सगळ्यांत नाही. आणि शिकायला गोडो घे. मी बरीच वर्षं कामही लिनक्सवर करतो आणि खेळतोही त्यावरच, शिवाय ओळखीतल्या पोरांची मशीन सेटअप करून देतो, त्यामुळे यातलं बहुतेक स्वतः करून बघितलेलं आहे.

या विषयातल्या बातम्या रोज इतक्या येतात की कुठली महत्त्वाची तेच कळत नाही. मी एक साधी कसोटी लावतो: उद्या कंपनीने हात काढून घेतला तर ही गोष्ट चालू राहील का? खाली जे काही सांगतोय ते सगळं याच कसोटीवर घासून बघ.

आता प्रोटॉन. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विंडोजचे गेम लिनक्समध्ये चालवतो तो हाच. त्याच्या पोटात विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन आहे, ते १९९३ पासून चालू आहे म्हणजे तुझ्या जन्माच्याही आधीपासून, आणि अलेक्झांडर ज्युलियार्ड १९९४ पासून ते सांभाळतोय. पण नुसत्या वाइनवर गेमिंग रडतखडतच होतं, कारण विंडोजच्या ग्राफिक्स यंत्रणेचे, म्हणजे डायरेक्टएक्सचे, कॉल ओपनजीएल या दुसऱ्या यंत्रणेतून फिरवून न्यावे लागायचे आणि त्यात सगळा वेग जायचा. मग फिलिप रेबोले नावाच्या डेव्हलपरला निअर ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता म्हणून त्याने डीएक्सव्हीके लिहायला घेतलं, जे डायरेक्टएक्सचं काम व्हल्कन या नव्या ग्राफिक्स यंत्रणेत करून देतं, आणि चित्रच पालटलं. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याला कामाला घेतलं, ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आला, फेब्रुवारी २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारा, हातात धरून खेळायचा स्टीम डेक आला. मला यात सगळ्यात भारी काय वाटतं तर हे सगळं उघडं आहे, म्हणजे व्हॉल्व्हने पैसा घातला तरी त्याचा फायदा स्टीमपुरता राहिला नाही, एपिक किंवा जीओजीवर घेतलेले गेम हिरोइक लाँचरमधून चालवताना तू हीच मशिनरी वापरतोस. व्हॉल्व्हने उद्या हे बंद केलं तरी कोड कुठे जात नाही.

ऑक्टोबर २०२५ च्या स्टीम सर्व्हेत लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेला. लोक म्हणतात ३ टक्के म्हणजे काय, पण स्टीमवर कोट्यवधी लोक आहेत, त्यातले ३ टक्के म्हणजे गेम बनवणाऱ्याला दुर्लक्ष करता येणार नाही इतकी गर्दी झाली. दुसरीकडे काही बातम्या फुगवलेल्याही असतात हे लक्षात ठेव. लिनक्स कर्नल (म्हणजे सिस्टिमचा गाभा) ६.१४ मध्ये, मार्च २०२५ ला, एनटीसिंक नावाचा ड्रायव्हर आला, विंडोजचे थ्रेड एकमेकांसाठी ज्या पद्धतीने थांबतात ते कर्नलमध्येच नीट करून देणारा. काम फार चांगलं आहे, एलिझाबेथ फिगुराने त्यावर खूप मेहनत घेतलीय. पण डर्ट ३ चे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ११० वरून ८६० झाले असे जे मथळे फिरले ना, ती तुलना साध्या वाइनशी होती. प्रोटॉनमध्ये त्याच कामासाठी आधीपासूनच एफसिंक होतं, त्यामुळे स्टीमवर खेळणाऱ्याला इतका फरक दिसणारच नव्हता. खरा फायदा हा की आता ते अधिकृत कर्नलमध्ये आहे, वेगळे पॅच लावत बसायची गरज नाही.

आता कुठे अडतं ते. अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन खेळात फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर. व्हॅलोरंट, फोर्टनाइट हे लिनक्सवर नाहीत आणि त्यासाठी जुगाड शोधत बसू नकोस, अकाउंट बॅन व्हायचा धोका आहे. एपेक्स लेजंड्स आधी चालायचा, ३१ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी लिनक्स बंद केलं. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय हे अँटी-चीट आलं आणि लिनक्सवाल्यांचं ऑनलाइन गेलं, स्टोरी मोड मात्र मस्त चालतो. आता गंमत बघ, बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट या दोघांनीही २०२१ मध्येच प्रोटॉनला सपोर्ट द्यायची सोय केलेली आहे, फक्त गेमवाल्या कंपनीने ती चालू करावी लागते, म्हणजे तांत्रिक अडचण कमी आणि इच्छेची जास्त. चीटरचा त्रास खरा आहे, मीही ऑनलाइन खेळतो, मला तो कळतो. पण खेळासाठी कर्नलच्या पातळीवर कंपनीचं बंद सॉफ्टवेअर बसवायचं, जे काय बघतं ते आपल्याला तपासता येत नाही, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्सवर नेटिव्ह आहेत, तेवढ्यावर भागत असेल तर तुझं काम झालं. मित्रांचा ग्रुप व्हॅलोरंटवरच असेल तर विंडोज ठेवून ड्युअल बूट कर, म्हणजे दोन्ही एकाच लॅपटॉपवर ठेव. घाई नाही, जास्तीची सिक्युरिटी अपडेट्स ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं.

तुझ्या कार्डाबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथेच पोरं फसतात. जीटीएक्स १०५० म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांची पास्कल पिढी. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ५८० ही मालिका पास्कलसाठी शेवटची आहे, ५९० पासून तो सपोर्ट काढून टाकला. आणि एनव्हिडियाने २०२२ पासून जे ओपन कर्नल मॉड्यूल दिलेत ते ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांसाठीच आहेत, म्हणजे जीटीएक्स १६ सिरीजपासून पुढे, तुझ्या कार्डाला नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये आर्च या लिनक्सच्या एका प्रकाराने मुख्य पॅकेज ५९० वर नेलं तेव्हा पास्कलवाल्यांनी नेहमीसारखं अपडेट मारलं की ग्राफिक्स गायब. म्हणून व्हिडिओत बघून आर्चवर आधारलेलं काही टाकू नकोस. लिनक्स मिंट हा प्रकार टाक, ड्रायव्हर मॅनेजर उघड, ५८० निवड, आणि तिथेच राहा.

याच्या उलट एएमडीकडे बघ. २०१२ च्या आसपासची एचडी ७००० सिरीजची जुनी कार्डं, कंपनीने स्वतः कधीच सोडून दिलेली, त्यांना लिनक्स ६.१९ मध्ये नव्या ड्रायव्हरवर आणलं गेलं आणि मेसा या उघड्या ग्राफिक्स संचातल्या रॅडव्ही ड्रायव्हरमुळे त्यांच्यावर व्हल्कन थेट चालायला लागलं, ते काम व्हॉल्व्हसाठी काम करणाऱ्या डेव्हलपरने केलं. तुझं कार्ड त्या कार्डांपेक्षा चार-पाच वर्षांनी नवं आहे तरी त्याचा रस्ता संपलाय. ड्रायव्हर उघडा असण्याचा अर्थ मला यापेक्षा चांगला समजावता येणार नाही. पुढचा लॅपटॉप घेशील तेव्हा नुसते एफपीएस बघू नकोस, हेही बघ.

१०५० वर डायरेक्टएक्स ९, १०, ११ चे गेम व्यवस्थित चालतात, विचर ३ ची जुनी डीएक्स ११ आवृत्ती, स्कायरिम, हेड्स, स्टारड्यू व्हॅली, हे सगळं. डायरेक्टएक्स १२ चे नवे गेम पास्कलवर प्रोटॉनमधून रखडतात, ती अपेक्षाच ठेवू नकोस. लॅपटॉपमध्ये इंटेलचं ग्राफिक्सपण असतं आणि गेम बऱ्याचदा त्याच्यावरच सुरू होतो, मग पोरं म्हणतात लिनक्स स्लो आहे. मिंटमध्ये खाली ट्रेमध्ये एनव्हिडियाचं आयकॉन येतं, तिथून कार्ड बदलता येतं, आधी ते तपास.

अजून एक गोष्ट जी जवळजवळ प्रत्येक नवा माणूस करतो: विंडोजच्या डी ड्राइव्हवर गेम आधीच डाउनलोड केलेले असतात, ६०-७० जीबी पुन्हा कोण उतरवणार, म्हणून तोच ड्राइव्ह लिनक्समधल्या स्टीमला दाखवायचा. नको. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटी खोटी विंडोज तयार करतो, तिच्यात डॉसडिव्हायसेस नावाचं फोल्डर असतं आणि त्यात सी आणि पुढे कोलन अशा नावाची लिंक असते, सी ड्राइव्ह दाखवायला. विंडोजच्या एनटीएफएस या डिस्क पद्धतीच्या नियमात फाइलच्या नावात कोलन चालत नाही. त्यामुळे कधी गेम प्ले दाबल्यावर दोन सेकंद फिरतो आणि गप्प बंद होतो, काही एररसुद्धा नाही, कधी चालतो पण मग विंडोजमध्ये गेल्यावर डिस्कवर एरर यायला लागतात. फायली एक्स्ट-४ (लिनक्सची डिस्क पद्धत) पार्टिशनवर कॉपी कर, स्टीममध्ये तिथली लायब्ररी जोड आणि इन्स्टॉल दाब, स्टीम आहे त्या फायली तपासून घेतो, पुन्हा डाउनलोड करत नाही. आणि तू मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असशील तर शेडर प्री-कॅशिंग (गेमच्या ग्राफिक्सची तयारी आधीच उतरवून ठेवणं) सेटिंगमधून बंद करून टाक, नाहीतर गेम न खेळताही रोजचा डेटा त्यातच जातो. सुरुवातीला थोडं अडखळेल, तेवढंच.

आता ओपन सोर्स गेम्स. इथे आधी एक फरक समजून घे, कोड आणि माल. आयडी सॉफ्टवेअरने डूमचा कोड डिसेंबर १९९७ मध्ये सोडला, १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आला, क्वेक ३ चा कोड ऑगस्ट २००५ मध्ये आला, पण लेव्हल, चित्रं, आवाज हे कंपनीचेच राहिले. म्हणून फ्रीडूम नावाचा वेगळा प्रकल्प लागला ज्यात लोकांनी सगळा माल नव्याने बनवला. ईएनेही २७ फेब्रुवारी २०२५ ला कमांड अँड कॉन्करच्या जनरल्स, झिरो अवर, रेड अलर्ट वगैरेंचा कोड जीपीएलखाली दिला. मला ही बातमी त्या वर्षातल्या कुठल्याही नव्या गेमच्या ट्रेलरपेक्षा मोठी वाटली. जनरल्स आपल्याकडे सायबर कॅफेत किती खेळला गेलाय आणि नव्या विंडोजवर तो किती वेळा मध्येच बंद पडतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्याचं मोल कळेल, आता तो दुरुस्त करायला कोणाची परवानगी लागत नाही.

ओपनटीटीडीची गोष्ट तर अजून पुढची आहे. ख्रिस सॉयरचा ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स १९९५ चा, कोड कधीच दिला नाही. लुडविग स्ट्रिगियसने रिव्हर्स इंजिनिअरिंग करून २००४ मध्ये ओपनटीटीडी आणला, मग लोकांनी चित्रं, आवाज, संगीत सगळं नवं बनवलं, आणि २०१० मध्ये १.० आला तेव्हा मूळ गेमची एक फाइलही लागत नव्हती. आजही त्याला अपडेट येतात. आणि याच्या शेजारी द क्रू ठेव, लोकांनी पैसे मोजून घेतलेला गेम, ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायलासुद्धा तो चालेना. त्यावरूनच रॉस स्कॉटने स्टॉप किलिंग गेम्स सुरू केलं आणि युरोपमधल्या त्याच्या याचिकेने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्या ओलांडल्या. मला वाटतं गेमिंगमधली गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात महत्त्वाची चळवळ आहे आणि आपल्याकडच्या गेमिंग चॅनेलवाल्यांनी तिच्याबद्दल जितकं बोलायला हवं होतं तितकं बोलले नाहीत.

मुळापासून ओपन सोर्स असलेल्यांपैकी तुला मी पहिला झिरो एडी खेळायला सांगेन. वाइल्डफायर गेम्सवाल्यांनी २००९ मध्ये तो ओपन केला, एज ऑफ एम्पायर्सच्या जातीचा आहे, आणि त्यात मौर्य आहेत, नावापुरते नाहीत, नीट अभ्यास करून केलेले. चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य हे हिरो आहेत, अशोकस्तंभ बांधता येतो. मौर्यांकडे एक कामकरी हत्ती असतो, तो लाकूड-दगड गोळा करणाऱ्यांच्या शेजारी नेऊन उभा केला की माल थेट त्याच्याकडे जमा होतो, बाकीच्यांना त्यासाठी जागोजागी गोदाम बांधावं लागतं. सुरुवातीच्या दहा मिनिटांत याने खेळायची पद्धतच बदलते. जानेवारी २०२५ च्या आवृत्तीचं नावही अग्नी आहे. दोष सांगायचा तर फौजा मोठ्या झाल्या की गेम अडखळतो, तुझ्या मशीनवर तर नक्कीच, म्हणून लोकसंख्येची मर्यादा कमी ठेवून खेळ.

बाकी पटकन सांगतो. सुपरटक्सकार्ट ही गाड्यांची शर्यत भावंडांबरोबर खेळायला एक नंबर, एकाच लॅपटॉपवर स्क्रीन विभागून. वेस्नॉथ हा पाळीपाळीने चाली करायचा गेम शांत डोक्याने खेळणाऱ्यासाठी, कुठल्याही मशीनवर चालतो. लुआंटी, म्हणजे आधीचा माइनटेस्ट, ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदललं, हा स्वतः गेम नाही, गेम बनवायचं इंजिन आहे, त्यावर व्हॉक्सेलिब्रे टाकलास की माइनक्राफ्टसारखं मिळतं आणि लुआ या भाषेत मॉड लिहायलाही शिकतोस. झोनोटिक वेगवान शूटर आहे, बॉट्सबरोबर मजा येते, ऑनलाइनला मात्र भारतातून पिंग त्रास देतो.

कमी कुठे पडतात तेही सांगायला हवं. प्रोग्रॅमर स्वतःच्या वेळात कोड देतो, पण लेव्हल डिझाइन, आवाज, नवख्याला हाताला धरून शिकवणारी पहिली २० मिनिटं, हे कंटाळवाणं काम फुकटात करायला माणसं मिळत नाहीत, म्हणून बरेच गेम आतून भक्कम आणि बाहेरून ओबडधोबड राहतात. इंजिन आणि अवजारं यात ओपन सोर्स जिंकतंय, कथा आणि कलेत अजून मागे आहे. हे मान्य केलं की अपेक्षाभंग होत नाही.

आणि ओपन सोर्स म्हणजे कायद्यापासून कवच असं समजू नकोस. निन्टेंडो स्विचचे गेम पीसीवर चालवणारा यूझू एम्युलेटर ओपन सोर्सच होता, मार्च २०२४ मध्ये २४ लाख डॉलरची तडजोड करून तो बंद झाला. ऑक्टोबरमध्ये तसाच रायुजिंक्सही गेला. कॉपी प्रोटेक्शन फोडण्याचा मुद्दा आला की लायसन्स वाचवत नाही.

आता गोडो. युनिटीने १२ सप्टेंबर २०२३ ला जाहीर केलं की गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितके पैसे द्या, सप्टेंबर २०२४ ला ते मागे घेतलं, पण वर्षभर छोट्या स्टुडिओंच्या झोपा उडाल्या. इंजिन दुसऱ्याच्या हातात असलं की असं होतं. गोडो अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्झूरने बनवलं, २०१४ मध्ये एमआयटी लायसन्सखाली ओपन केलं, तुझ्या गेमवर त्यांचा एक रुपया हक्क नाही. ब्रोटाटो, डोम कीपर, बकशॉट रूलेट हे गोडोमधले आहेत, आणि स्ले द स्पायर २ वाल्यांनी तर त्या वादानंतर युनिटी सोडून गोडो धरलं. नोकरीच हवी असेल तर आपल्याकडे युनिटीच्या जागा अजून जास्त निघतात हे खरं, आणि कन्सोलवर गेम न्यायला गोडोत दुसऱ्या कंपनीची मदत घ्यावी लागते. पण शिकण्यासाठी तुझ्या मशीनला गोडोच झेपेल, नवा प्रोजेक्ट करताना कॉम्पॅटिबिलिटी रेंडरर निवड म्हणजे झालं.

मराठीत गेम करायचा विचार असेल तर गोडो ४ च घे, ३ नको. ३ मध्ये अक्षरं जोडण्याची सोयच नव्हती, ‘स्थिती’ लिहिलं की पाय मोडका स वेगळा, आणि पहिली वेलांटी थ च्या आधी यायच्या ऐवजी नंतर येऊन पुढच्या त वर चढलेली. मार्च २०२३ च्या ४.० मध्ये अक्षरं जुळवणारं हार्फबझ आलं आणि जोडाक्षरं नीट झाली. तरी एक खड्डा आहे: संवाद एकेक अक्षर टाइप होत येतो तो इफेक्ट. डीफॉल्टला ‘क्षण’ येताना आधी क दिसतो, मग पाय मोडका क, मग एकदम क्ष, डोळ्याला खुपतं. लेबलच्या सेटिंगमध्ये व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर असतं, तिथे शेपिंगनंतरचा पर्याय निवड, मग पूर्ण ओळ आधी जुळते आणि नंतर दिसत जाते. फाँट मुंबईच्या एक टाइपवाल्यांचे वापर, मुक्ता वाचायला आणि बलू टायटलला, दोन्ही ओपन लायसन्सचे आहेत, गेमबरोबर बिनधास्त देता येतात.

करायला लागायचं तर या शनिवार-रविवारी मिंट पेन ड्राइव्हवर टाकून लाइव्ह चालवून बघ, वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं चालतात का एवढंच. चालली तर विंडोजच्या शेजारी ६०-७० जीबीचं एक्स्ट-४ पार्टिशन कर, ५८० ड्रायव्हर घाल, झिरो एडी आणि तुझ्या स्टीममधला एक डीएक्स ११ चा गेम टाक. तू नेहमी खेळतोस त्या गेमची यादी आधी प्रोटॉनडीबीवर (कुठला गेम लिनक्सवर किती चालतो ते लोक लिहितात ती साइट) तपास, आणि तिथे प्लॅटिनम-गोल्ड बघून थांबू नकोस, खाली पास्कलवाल्यांनी लिहिलेले रिपोर्ट वाच, तुझ्या कामाचं ते आहे. गेम उघडलाच नाही तर यादी, ड्रायव्हरचा आकडा आणि प्रोटॉनचं लॉग इथेच टाक, बघून सांगतो.